सासूचा अंगठा, जावयाचा फोन

“हा माझा अंगठा आहे! आईच्या पोटातून घेऊन आलेय मी! आता काय कापून देऊ तुला?”

“कापू नका मावशी, फक्त सांगा. माझा फोन तुमच्या अंगठ्याने उघडतो कसा?”

“मावशी? कालपर्यंत आई होते मी! आज मावशी झाले?”

“काल माझा फोन माझ्याच अंगठ्याने उघडत होता!”

इन्शिराह मावशी आणि तिचा होणारा जावई मिधत माझ्या ठेल्यावर भांडत होते. ठेल्यावर म्हणजे एक डाव्या बाजूला, एक उजव्या बाजूला आणि मधे माझं डोकं. माझ्या हातात तारा जोडायची तापलेली डाखणी होती, समोर कुणाचा तरी उघडा फोन होता, आणि दोघांची थुंकी त्यात पडत होती. मी डाखणी आपटली आणि ओरडलो, “गप्प! दोघंही गप्प! प्रकरण मी हातात घेतलंय!”

“तुला कोणी दिलं?” मावशी म्हणाली.

इथे जरा थांबून माझी ओळख करून देतो, कारण दुसरं कोणी करून देत नाही.

मी तोल्बा. वय सतरा, अनुभव चाळीस वर्षांचा. शाळा मी नववीत सोडली. काही लोक म्हणतात शाळेने मला काढलं. तो तपास अजून चालू आहे. अलेक्झांड्रियात, बाकोसच्या बाजारात, ट्रामच्या रुळांना लागून माझा मोबाइल दुरुस्तीचा ठेला आहे. पण तो नुसता मुखवटा. मुळात मी डिटेक्टिव्ह. गरुडाची नजर, कोल्ह्याची अक्कल, उंटाचा धीर. धीराचं जरा कमीजास्त होतं. माणसाच्या बुटांवरून मी सांगतो तो कुठून आला, आणि शर्टावरून सांगतो तो काय जेवला. गेल्याच आठवड्यात एका गिऱ्हाईकाला नुसतं बघून म्हणालो, “तुम्ही खलाशी आहात, बायको रुसून माहेरी गेलीय, आणि तुम्ही आत्ताच मासे साफ करून आलात.” तो म्हणाला, “मी दातांचा डॉक्टर आहे आणि बायको ही काय शेजारी उभी आहे.” मासे मात्र बरोबर निघाले. मासे कोणी बघत नाही, सगळे चुकाच बघतात.

माझे असिस्टंट म्हणजे गाबिर काका. वय बहात्तर. जन्मभर ट्रामवर कंडक्टर होते. आता घरी सून बसू देत नाही म्हणून माझ्या स्टुलावर बसतात. त्यांचं काम एकच, माझ्या बुद्धीपुढे थक्क व्हायचं. बहुतेक वेळा ते झोपेतच थक्क होतात.

“काका, उठा. प्रकरण आलंय.”

“तिकीट काढलं का त्याने?” काका डोळे न उघडता म्हणाले.

तर प्रकरण असं. गुरुवारी मिधतचं लग्न, मावशीच्या थोरल्या मुलीशी, रबाबशी. तो दिवस मंगळवारचा. मिधत सकाळी पडद्यांचे दांडे ठोकायला मावशीच्या इमारतीत आला होता, कारण नवराबायकोचं घर तिथेच वरच्या मजल्यावर. दांडे ठोकून दमला आणि मावशीच्या सोफ्यावर आडवा झाला. फोनचा गजर वाजायला लागला. हा घोरतोय, गजर वाजतोय. मावशीने फोन उचलला, गजर बंद करायला कुठेतरी अंगठा दाबला आणि टक्! फोन उघडला. समोर शेवटच्या कॉलची यादी. त्यात मावशीला स्वतःचा नंबर दिसला. नंबरावर नाव होतं, ‘झाडूवालं वादळ’.

आता बाहेरच्यांना हे कळणार नाही. आमच्याकडे हिवाळ्यात समुद्रावरून वादळं येतात, प्रत्येकाला नाव असतं. नोव्हेंबरातलं येतं ते फळ्या, पत्रे, वाळत घातलेले कपडे, मांजरं, सगळं झाडून नेतं. ते झाडूवालं.

“मी वादळ?” मावशी मला सांगत होती, बघत मिधतकडे होती. “ह्याला साखरपुड्याला शर्ट दिला, घड्याळ दिलं, फोन घेतला तर त्याला कव्हर चढवून दिलं, दर शुक्रवारी भरलेलं कबुतर खायला घातलं, आणि मी वादळ?”

“विषय वादळाचा नाही!” मिधत म्हणाला. तो कस्टममध्ये कारकून आहे, त्यामुळे कुठलाही विषय निघाला तरी हा विषय नाही असं म्हणायची त्याला सवय. “विषय अंगठ्याचा आहे. मी झोपलो असताना ह्यांनी स्वतःचा अंगठा माझ्या फोनमध्ये घातला. लग्नाआधीच पाळत! माझा पगार, माझी आई, माझे मित्र, सगळं वाचतात. तोल्बा, हे कसं झालं ते कळल्याशिवाय मी गुरुवारी सही करणार नाही.”

“आणि ह्याने माझी माफी मागितल्याशिवाय ह्याला मुलगी मिळणार नाही!”

“वर रबाब रडतेय,” मागून आवाज आला. “तुमचा बाजार आटोपला की सांगा, तिला पाणी पाजायचंय.”

ही नव्वारा. मावशीची धाकटी. माझ्याएवढीच. कमरेवर हात, ओढणीच्या बाहेर एक बट, आणि तोंड म्हणजे सुरी. तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. डिटेक्टिव्हला हृदय नसतं, भिंग असतं. ती रोज संध्याकाळी पाव आणायला जाते तेव्हा मी ठेल्याचं फडकं झटकतो, तो निव्वळ योगायोग आहे.

“नव्वारा,” मी आवाज जाड केला, “रबाबला सांग, अश्रू पूस म्हणावं. तोल्बा आलाय.”

“तोल्बा आलाय म्हणून सांगितलं तर आणखी रडेल.”

मी दुर्लक्ष केलं. भिंग डोळ्याला लावलं. “मिधत, फोन दाखव. हातात देऊ नको. पुराव्याला हात लावायचा नसतो.”

“मी कोणाच्या हातात देणारच नाहीये!” मिधतने फोन रुमालात धरला होता, जसं काही चिमणीचं पिल्लू. “आणखी कोणाच्या बोटाने उघडला तर?”

आधी त्याने अंगठा लावला. टक्. उघडला. मग बंद करून मावशीसमोर धरला. मावशीने अंगठा असा लावला जसं काही डास चिरडतेय. टक्. उघडला. बाजारातले बघे देवाचं नाव घेत, “या रब्ब!” म्हणून मागे सरकले. गाबिर काकांचा एक डोळा उघडला.

“अजून कोणीतरी लावून बघा ना,” नव्वारा म्हणाली.

“शास्त्रात असं नसतं,” मी म्हणालो.

“का नसतं?”

“संशयित दोन आहेत. तिसऱ्याचा संबंध काय?”

तिने माझ्याकडे असं बघितलं की भिंगाला वाफ आली. मी पुढे चाललो. मिधतला सेटिंग उघडायला लावलं. नोंदवलेले ठसे किती? एक. फक्त एक. म्हणजे मावशीने स्वतःचा अंगठा गुपचूप नोंदवलाय हा सिद्धांत मेला. मला वाईट वाटलं, कारण सोपा होता.

“बघ!” मावशी ओरडली. “एकच आहे! मी निर्दोष!”

“एकच आहे, पण कोणाचा आहे?” मी म्हणालो. असं काही बोललं की लोक गप्प होतात. सगळे गप्प झाले. मीपण झालो, कारण पुढचं मला सुचलं नव्हतं.

“घटनास्थळी चला,” मी म्हणालो.

मावशीच्या घरात घटना घडणं अवघड आहे, कारण तिथे कुठल्याच वस्तूला हात लागत नाही. सोफ्यावर जाड प्लास्टिक, बसलं की मांडीला चिकटतं आणि उठलं की कातडीसकट सुटतं. टीव्हीच्या रिमोटला पिशवी. झुंबराला पिशवी. टेबलावर काच, काचेवर प्लास्टिक, प्लास्टिकवर रुमाल. घरात उघडी फक्त मावशी. खाली बसून नव्वारा आणि तिच्या दोन मैत्रिणी वांगी आणि कोबीची पानं भरत होत्या, लग्नघरातला ढीग. रबाब आतल्या खोलीत रडत होती. रडणं अधूनमधून थांबायचं, तेव्हा ती कान देऊन ऐकतेय हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मी सोफ्याची पाहणी केली. उशी हुंगली. “तूप,” मी म्हणालो.

“काल इथे बसबूसा खाल्ला होता सगळ्यांनी,” मावशी म्हणाली. बसबूसा म्हणजे आमचा पाकात भिजवलेला रव्याचा केक.

“बरोबर! मिधतने तुपाच्या बोटांनी बसबूशाच्या ताटाला हात लावला. ताटावर ठसा उमटला. मावशीने तो ठसा उचलला, गरम साखरेच्या पाकात त्याचा साचा काढला, साचा आपल्या अंगठ्यावर चढवला. पाकाची कातडी! मावशी, अंगठा इकडे.”

मी तिचा अंगठा चाटून बघणार होतो, पण तिच्या डोळ्यांत बघून विचार बदलला. तिला लिंबू आणि साबणाने हात धुवायला लावला. तिने बेसिनवरून शिव्या देत देत धुतला. पुसला. मिधतने फोन धरला. टक्. उघडला.

“पाक धुतल्यावर गेला ना?” गाबिर काकांनी विचारलं. जिना चढून त्यांचा श्वास आता कुठे खाली आला होता.

“गेला.”

“तरी उघडला.”

“काका, थक्क व्हा, प्रश्न विचारू नका.”

आता माझं डोकं तापलं. तापलं की मी जास्त चांगला विचार करतो असं मला वाटतं. मी म्हणालो, बुटाचं काळं पॉलिश आणा. दोघांच्या अंगठ्यांना पॉलिश लावलं, जुन्या निवडणुकीच्या पत्रकाच्या पाठीवर ठसे घेतले, भिंगाखाली धरले. मिधतच्या अंगठ्यावर चक्र. मावशीच्या अंगठ्यावर चक्र. इथे गोल गोल, तिथे गोल गोल. मी खूप वेळ बघत राहिलो. रबाबचं रडणं थांबलं. मैत्रिणींचे हात कोबीत थांबले.

आणि मग, देवाशप्पथ सांगतो, डोक्यात वीज चमकली. ती चमकली नसती तर बरं झालं असतं, पण ते नंतरचं.

“दोन माणसांचा ठसा एक,” मी सावकाश म्हणालो. “ठसा कधी एक होतो? रक्त एक असलं की. पण मावशी आणि मिधत नातेवाईक नाहीत. मग रक्तासारखं दुसरं काय असतं जे एका अंगातून दुसऱ्या अंगात जातं?”

“ताप,” गाबिर काका म्हणाले.

“दूध!”

मी भिंग मावशीवर रोखलं.

“मावशी, तुम्ही तान्ह्या मिधतला दूध पाजलंय. तुमचं दूध त्याच्या अंगात गेलं, अंगातून बोटात गेलं, बोटातून फोनला कळलं. फोन खोटं बोलत नाही.”

मी हे बोललो तेव्हा मला फक्त आपल्या हुशारीचा आनंद झाला होता. पुढचं डोक्यातच नव्हतं. पुढचं मावशीच्या डोक्यात आधी आलं. ती प्लास्टिकवर धपकन बसली. एका बाईचं दूध प्यालेली पोरं म्हणजे सख्खी भावंडं. मिधत तिचं दूध प्याला असेल तर तो रबाबचा भाऊ. आणि भावाशी लग्न लावणारा माणूस अख्ख्या इजिप्तमध्ये मिळणार नाही.

आतून रबाबने अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला.

“काय बोलतोस तू, गाढवा?” मिधतने माझी कॉलर धरली. काळं पॉलिश माझ्या शर्टाला लागलं.

“शर्ट सोड! मी बोललो नाही, पुरावा बोलला!”

“मावशी, सांगा ना ह्याला! सांगा की तुम्ही मला पाजलं नाही!”

मावशी सोफ्याच्या प्लास्टिकवर हात फिरवत राहिली. “सगळ्या गल्लीला माहितीये,” ती हळूच म्हणाली. “माझं दूध फार. माझा थोरला मुलगा साद झाला तेव्हा पाटच वाहायचा. ज्याची आई आजारी, ज्याची आई कामाला, त्याला माझ्या मांडीवर आणून टाकायचे. साद आणि मिधत एकाच वयाचे. मिधतचे आईबाप मागच्याच गल्लीत राहायचे. आता मला काय आठवतंय, कोण कोण प्यालं?”

मघाशी हे भांडण एका नावावरून होतं. आता खरंच लग्न मोडत होतं, आणि मोडणारा मी होतो. भिंग मी गुपचूप खिशात घातलं.

“शेख फरगलींना बोलवा,” मावशी म्हणाली.

शेख फरगली म्हणजे गुरुवारी लग्न लावणार होते ते. बुटके, गोल, कायम घाईत. त्यांनाच नवरानवरीचे अंगठे शाईत बुडवून करारावर उठवायचे असतात, त्यामुळे त्यांची स्वतःची बोटं कायम निळी. त्यांनी सगळं ऐकलं. माझं नाव विचारलं. मग म्हणाले, “बाळ, अंगठ्यावरून दुधाचा हिशेब कुठल्या मदरशात शिकलास?”

“स्वतःच शिकलो, शेख.”

“तरीच.” ते मावशीकडे वळले. “अंगठ्याचं बोलणं मूर्खपणाचं आहे. पण दुधाचं नाही. शंका मुंगीसारखी असते, एकदा साखरेत शिरली की अख्खा डबा चाळावा लागतो. आता तू म्हणतेस आठवत नाही. उत्तर मिळाल्याशिवाय मला ठसे घेता येणार नाहीत. मिधत, तुझ्या आईला फोन लाव. तिला आठवेल. आया असल्या गोष्टी विसरत नाहीत.”

मिधतने रुमालातून फोन काढला. अंगठा लावला. उघडेना. पुसून लावला. उघडेना. अंगठ्यावर माझं बुटाचं पॉलिश राप धरून बसलेलं.

“आकडे टाकून उघड,” शेख म्हणाले.

“साखरपुड्यापासून अंगठाच लावतोय. आकडे कोण लक्षात ठेवतो?”

“मावशी, तुम्ही लावा,” मी म्हणालो.

मावशीचाही अंगठा तसाच काळा. उघडेना. जो फोन सकाळपासून दोघांना उघडत होता तो आता एकालाही उघडेना. मिधतच्या डोळ्यांत पाणी आलं. कस्टमचा माणूस रडताना मी पहिल्यांदाच बघितला. तो रुमालाने अंगठा घासत होता आणि पुटपुटत होता, “वादळ नाव ठेवलं म्हणून हे झालं, वादळ नाव ठेवलं म्हणून...”

“आण इकडे!” नव्वारा तडक उठली. कोपरापर्यंत भात आणि टोमॅटोचा रस. “सकाळपासून ओरडतेय, कोणीतरी लावून बघा, लावून बघा!”

“हात खराब आहेत तुझे! पुरावा...”

“पुरावा गेला खड्ड्यात!”

तिने मिधतच्या हातावर, रुमालावर ठेवलेल्या फोनवर सरळ कोपर टेकलं.

टक्.

फोन उघडला.

मग आतल्या खोलीच्या दारातून, नाक पुसत, रबाब म्हणाली, “ती पण बहीण का त्याची?”

“थांब,” नव्वारा म्हणाली. तिने फोन बंद केला आणि नाक लावलं. टक्. मैत्रिणीच्या हाताची करंगळी धरून लावली. टक्. शेख फरगलींनी न राहवून आपली निळी तर्जनी लावली. टक्. मग तिने परातीतलं एक भरायला पोखरलेलं वांगं उचललं, फडक्याला पुसलं, आणि वांग्याचं बूड काचेवर टेकवलं.

टक्.

“अल्लाह!” गाबिर काका खुर्चीतून उठले. आयुष्यात पहिल्यांदाच ते जागेपणी थक्क झाले, आणि ते माझ्यावर नाही, वांग्यावर.

“घ्या,” नव्वारा माझ्याकडे वळली. “वांग्यालापण आईने दूध पाजलंय, डिटेक्टिव्ह?”

मी म्हणालो, “तपास चालू आहे.”

तिने नखाने फोनचं कव्हर कोपऱ्यातून सोडवलं. म्हातारीच्या गालासारखं जाडजूड, लुबलुबीत, पारदर्शक कव्हर, पुढून मागून सगळा फोन झाकणारं. ते तिने खिडकीच्या उजेडात धरलं. आतल्या बाजूला बारीक बारीक ठिपके होते, चिकटू नये म्हणून ठेवतात तसे, रांगेत.

“भाऊजी, अंगठा कधी नोंदवलात?”

“कव्हर बसवलं त्याच दिवशी. इथेच बसून.”

“मग झालं. तुमच्या फोनने तुमचा अंगठा कधी बघितलाच नाहीये. त्याने आईचं प्लास्टिक बघितलंय. कोणीही वरून दाबा, खाली ठिपके तेच. पॉलिशचा मेणचट थर मधे आला की मात्र त्याला स्पर्शच कळत नाही. तो म्हणतो, या मालक!”

साबण, लिंबू, राख, केरोसीन, जे मिळेल त्याने मिधतचा अंगठा घासला. मग त्याने तो उघड्या काचेवर नव्याने नोंदवला. आकडे विचारले तेव्हा भीतीने त्याला ते आठवलेपण. लग्नाचीच तारीख होती. मग मावशीने अंगठा लावला. फोन गप्प. नव्वाराचं कोपर, गप्प. वांगं, गप्प. वांगं गप्प बसल्यावर सगळ्यांना जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

म्हणजे बघा. माणूस पगार, फोटो, प्रेमपत्रं, बँक, सगळं एका अंगठ्याच्या भरवशावर टाकतो, आणि दारावर उभा असलेला पहारेकरी वांग्याला सलाम ठोकतो. हे मी फक्त नोंदवून ठेवतो. मला ते सकाळीच कळलं होतं, मी फक्त बोललो नव्हतो.

“आई,” मिधत मावशीपुढे खाली मान घालून उभा राहिला. “माफ करा.” त्याने तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं. “नावपण आत्ता बदलतो.”

“राहू दे,” मावशी म्हणाली. “वादळच राहू दे. माझा फोन आला की ताठ बसशील.”

“आणि दूध?” शेख म्हणाले. सगळे पुन्हा गार पडले. “फोनचं झालं. माझं नाही झालं. डबा चाळायचाय.”

मिधतने आईला फोन लावला, आवाज मोठा करून. आईला प्रश्न कळायला वेळ लागला. कळल्यावर ती जी सुटली! “इन्शिराहचं दूध? माझ्या मिधतने? अहो, मिधत काफर-अद-दव्वारला जन्मला, माझ्या आईकडे! चार वर्षांचा झाल्यावर बाकोसला आणला! डब्याच्या पावडरीवर वाढलाय तो, म्हणून असा हाडकुळा! कोण म्हणतं हे? कुठला गाढव म्हणतो?”

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “मी म्हणालो तर काय झालं? दूध पाजलं हे तर खोटं नाही ना? मावशीनेच कबूल केलं, अख्ख्या गल्लीला पाजलं! मिधतला नाही तर आणखी कोणाला पाजलं असेल!”

“हो ना,” शेख म्हणाले. “विचारून ठेवलेलं बरं. तुझी अजून एक मुलगी लग्नाची आहे, इन्शिराह. नव्वाराच्या वेळी कोणाला पाजलंस?”

मावशीने डोळे मिटले. बोटं मोडायला लागली. मग डोळे उघडले आणि तिची नजर खोलीभर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

“अगंबाई,” ती म्हणाली.

“काय अगंबाई?” मी म्हणालो.

“तुझी आई विषमज्वराने इस्पितळात पडली होती. तू एवढासा, उंदरासारखा. दीड महिना माझ्या एका बाजूला नव्वारा आणि एका बाजूला तू. नव्वारापेक्षा जास्त प्यायचास, चावायचासपण!”

मी तिथल्या तिथे आईला फोन लावला. आई म्हणाली, “हो, मग? कपाळावरची खोक कशाची असं विचारायचास ना लहानपणी? नव्वाराने खुळखुळा मारलेला. तुला सांगितलं नव्हतं का?”

नव्हतं सांगितलं. सतरा वर्षांत कोणालाच वाटलं नाही की ही माहिती डिटेक्टिव्हला लागेल.

मी नव्वाराकडे बघितलं. तिच्या हातात अजून ते वांगं होतं. ती आधी लाल झाली, का ते मला माहीत नाही आणि आता विचारताही येणार नाही. मग तिला हसू फुटलं, आणि ते थांबेचना. भिंतीला टेकून, पोट धरून, ती हसत होती. “म्हणून... म्हणून फडकं झटकतोस रोज... भाऊ माझा...”

“प्रकरण मिटलं,” शेख फरगली म्हणाले. “गुरुवारी संध्याकाळी येतो.” आणि जाता जाता त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. “बाळ, तुझा सिद्धांत अगदी चूक नव्हता. फक्त माणूस चुकला.”

आज बुधवार. हे सगळं मी ठेल्यावर बसून लिहितोय, म्हणजे लोकांनी खरी हकीगत वाचावी. बाजारात जी सांगतायत तिच्यात मी वांग्याची चौकशी केली असं आहे. केली नाही. गाबिर काका शेजारी झोपलेत. मघाशी नव्वारा पावाला गेली. मी फडकं हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं.

पलीकडे मावशीच्या इमारतीखाली टेम्पो लागलाय. रबाबच्या नव्या घरचा फ्रिज, धुलाई यंत्र, आठ माणसांचं जेवणाचं टेबल, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. लिफ्ट नाही. पाचवा मजला. नवरीचं सामान वर न्यायला नवरीचा भाऊ लागतो, आणि थोरला साद कुवेतला.

“तोल्बा!” बाल्कनीतून मावशी. माझ्या आईनेसुद्धा मला इतक्या हक्काने कधी हाक मारली नसेल. “ए तोल्बा! माझं दूध प्यायलायस ना रे मेल्या?”

आणि तिच्या बाजूने, पाव घेऊन परतलेली नव्वारा, दोन्ही हातांचा कर्णा करून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं, “दादा! फ्रिज आधी!”

मला आता निघायला हवं.